ब्रिटनमध्ये पर्यावरणासाठी रस्त्यावर उतरणाऱ्यांना खरंच तुरुंगात टाकतात का? मग तिथे सरकारला जाब विचारायचा तरी कसा?

हो, खरंच टाकतात, आणि काही शिक्षा तर दिवसांच्या नाहीत, वर्षांच्या असतात. पण मला तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर मला संसदेत नाही, तर मी राहते त्या शेफील्ड शहरातल्या झाडांच्या लढ्यात दिसतं. म्हणून आधी पहिला भाग सांगते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘जस्ट स्टॉप ऑइल’ या संघटनेच्या ४५ जणांनी लंडनभोवतीच्या एम-२५ महामार्गावर चार दिवस आंदोलन केलं. दिशाफलक लावलेल्या लोखंडी कमानींवर ते चढून बसायचे आणि पोलिसांना वाहतूक थांबवावी लागायची. तेल आणि वायूच्या उत्खननाला नवे परवाने देऊ नका, एवढीच मागणी. जुलै २०२४ मध्ये या प्रकरणात पाच जणांना शिक्षा झाली. संघटनेचे एक संस्थापक रॉजर हॅलम यांना ५ वर्षं, बाकी चौघांना प्रत्येकी ४ वर्षं. गुन्हा होता सार्वजनिक उपद्रवाचा कट रचण्याचा, आणि त्यातला महत्त्वाचा पुरावा होता झूमवरची एक बैठक. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयाने या शिक्षा कमी केल्या, हॅलम यांची ४ वर्षांवर आली. कमी होऊनही ४ वर्षं!

त्या रास्ता रोकोत लोकांचे हाल झाले, हे मी नाकारणार नाही. कुणाची परीक्षा हुकली, कुणी अंत्यविधीला पोहोचू शकलं नाही. त्यांच्या रागाला कारण होतं. पण शिक्षेचं माप कुठून आलं तेही बघा. २०२२ च्या पोलीस व गुन्हेविषयक कायद्याच्या कलम ७८ ने ‘सार्वजनिक उपद्रव’ या जुन्या गुन्ह्याला लेखी रूप दिलं आणि कमाल शिक्षा १० वर्षं ठरवली. पाठोपाठ २०२३ चा सार्वजनिक सुव्यवस्था कायदा आला. स्वतःला साखळीने किंवा गोंदाने एखाद्या वस्तूला जखडून घेणं हा त्यात स्वतंत्र गुन्हा झाला. आंदोलनासाठी भुयार खणलं तर ३ वर्षांपर्यंत कैद.

आता याच्या शेजारी दुसरं प्रकरण ठेवा. सदर्न वॉटर या पाणी कंपनीने २०१० ते २०१५ या काळात केंट, हॅम्पशायर आणि ससेक्सच्या किनाऱ्यांवर हजारो वेळा बेकायदा मैलापाणी सोडलं. कंपनीने ५१ गुन्हे कबूल केले आणि २०२१ मध्ये तिला ९ कोटी पौंड दंड झाला. या सांडपाण्यासाठी एकही संचालक तुरुंगात गेला नाही. २०२५ मध्ये नवा कायदा करून पाणी कंपन्यांच्या अधिकाऱ्यांसाठी कैदेची तरतूद झाली खरी, पण ती तपासात अडथळा आणल्याबद्दल, आणि जास्तीत जास्त २ वर्षं. महामार्ग अडवणाऱ्याला १० वर्षांपर्यंत आणि नदी-समुद्राच्या नासाडीचा तपास अडवणाऱ्याला २. मला हे कधीच पटणार नाही.

आता शेफील्ड. हे पोलादाचं गाव, पण इथे रस्त्यांच्या कडेला सुमारे ३६,००० झाडं होती. रस्ते मात्र खड्ड्यांसाठी बदनाम. म्हणून २०१२ मध्ये महापालिकेने ‘एमी’ या कंपनीला २५ वर्षांचं कंत्राट दिलं. किंमत दोन अब्ज पौंडांहून जास्त. त्यात डांबर, दिवे, फूटपाथ आणि रस्त्याकडेची झाडंही आली. काही काळाने निरोगी, डेरेदार झाडं पडायला लागली. कारण सांगितलं जायचं की मुळांनी फूटपाथ उचलला, कडेचा दगड सरकला. लोकांनी विचारलं की पालिकेचं ठरलेलं उत्तर यायचं: झाड तोडणं हा आमचा शेवटचा उपाय असतो.

१७ नोव्हेंबर २०१६ ला पहाटे पाचच्या सुमारास रस्टलिंग्ज रोडवर पोलीस आणि झाडं तोडणारे कामगार एकत्र आले. हा रस्ता एंडक्लिफ पार्कच्या कडेने जातो. लोकांना अंधारात उठवून गाड्या हलवायला सांगितलं आणि आठ झाडं पाडली. झाडांबाबत सल्ला द्यायला पालिकेनेच एक स्वतंत्र समिती नेमली होती. तिचा या रस्त्याबद्दलचा अभिप्राय पालिकेने त्याच पहाटे प्रसिद्ध केला, म्हणजे तो वाचून कुणी हरकत घेण्याआधी करवती सुरू झालेल्या. तिघांना अटक झाली. त्यातल्या दोघी सत्तरीतल्या होत्या. कलम लावलं ते १९९२ च्या कामगार संघटना कायद्यातलं, जे दुसऱ्याला कायदेशीर काम करण्यापासून अडवण्याबद्दल आहे. पुढे हे आरोप मागे घ्यावे लागले. तेव्हाचे इथले खासदार निक क्लेग म्हणाले होते की असलं काही पुतिनच्या रशियात घडावं, शेफील्डच्या उपनगरात नाही.

ती पहाट पालिकेला महागात पडली. आधी ज्यांना झाडांशी देणंघेणं नव्हतं, तेही घराबाहेर पडले. करवतीचा आवाज आला की शेजारी एकमेकांना निरोप धाडायचे आणि कुणीतरी जाऊन झाडाखाली उभं राहायचं. चेल्सी रोडवरच्या एका जुन्या एल्मवर दुर्मिळ फुलपाखरांची वस्ती होती. क्रुक्स भागात पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मृतीसाठी लावलेली झाडं होती, आणि त्यांतलीही काही तोडण्याच्या यादीत होती. ऑगस्ट २०१७ मध्ये पालिकेने उच्च न्यायालयातून तोडकाम अडवण्याविरुद्ध मनाई हुकूम आणला. ग्रीन पक्षाच्या नगरसेविका ॲलिसन टील यांच्यावर तो मोडल्याचा खटला भरला, तो न्यायालयाने फेटाळला. काही आंदोलकांना मात्र स्थगित कैदेच्या शिक्षा झाल्या.

या सगळ्याचा निकाल लागला तो एका आकड्याने. कंत्राटाची प्रत लोकांपुढे आली होती, पण बराच मजकूर झाकलेला. एका रहिवाशाने माहितीच्या अधिकाराखाली अर्ज लावून धरला, माहिती आयुक्तांना मध्ये पडावं लागलं, आणि मार्च २०१८ मध्ये झाकलेलं कलम उघड झालं. कंत्राटाच्या मुदतीत १७,५०० झाडं बदलायची, असं त्यात लिहिलेलं होतं. म्हणजे जवळजवळ निम्मी. शेवटचा उपाय म्हणे! त्याच महिन्यात तोड थांबली. तोपर्यंत पाच हजारांहून जास्त झाडं गेली होती.

पुढची चौकशी संयुक्त राष्ट्रांचे माजी अधिकारी सर मार्क लोकॉक यांनी केली. मार्च २०२३ च्या त्यांच्या अहवालाने पालिकेच्या नेतृत्वावर कडक ताशेरे ओढले. पालिकेने लोकांची दिशाभूल केली, स्वतः नेमलेल्या समितीची केली आणि न्यायालयाचीही केली, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. त्या वर्षी जूनमध्ये पालिकेने सविस्तर जाहीर माफी मागितली. त्याआधीच, मे २०२१ मध्ये, मतदारांनी आपला हिशेब केला होता. वीस हजारांहून जास्त सह्या गोळा करून लोकांनी सार्वमत घ्यायला लावलं. मोजक्या नेत्यांच्या हाती निर्णय ठेवणारी पद्धत बदलून समित्यांची पद्धत आणायची का, असा प्रश्न होता. सुमारे ६५ टक्क्यांनी हो म्हटलं. त्याच दिवशी झालेल्या पालिका निवडणुकीत लेबर पक्षाचं पालिकेतलं बहुमतही गेलं.

मला यातून जे दिसतं ते असं. सत्य बाहेर आलं ते कागदातून, पण कागद बाहेर यायला वर्षं लागली, आणि त्या वर्षांत उरलेली झाडं उभी राहिली ती त्यांच्याखाली उभ्या राहिलेल्या माणसांमुळे. नुसते अर्ज करत बसलो असतो तर आकडा कळेपर्यंत वाचवायला फारसं काही उरलं नसतं. नवे कायदे नेमका हा वेळ मिळवण्याचा मार्ग महाग करतात. २०२३ मध्ये तेव्हाच्या हुजूर पक्षाच्या सरकारातल्या गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी तर ‘गंभीर अडथळा’ म्हणजे ‘किरकोळपेक्षा जास्त’ असा कुठलाही अडथळा, असा अर्थ नियमांत घुसवला. लॉर्ड्स सभागृहाने हाच बदल आधी नाकारलेला होता. ‘लिबर्टी’ ही नागरी हक्कांची संस्था कोर्टात गेली. मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने ते नियम बेकायदा ठरवले. सरकार बदललं, लेबर आलं, तरी अपील चालूच ठेवलं, आणि मे २०२५ मध्ये तेही हरलं. या बाबतीत दोन्ही पक्षांत मला फारसा फरक दिसत नाही.

न्यायालयाचा रस्ताही चालतो, हे सांगायलाच हवं. सरे परगण्यातल्या एका तेलविहिरीच्या परवानगीविरुद्ध तिथल्या रहिवासी सॅरा फिंच लढत राहिल्या. २०२४ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ मतांनी ठरवलं की ते तेल जाळल्यावर होणारं प्रदूषणही परवानगी देताना मोजलं पाहिजे. नव्या तेलाला विरोध करणाऱ्या पाच जणांना कैद झाली ती बरोबर पुढच्या महिन्यात.

आणि ज्युरी, म्हणजे खटल्यात आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारे सामान्य नागरिक. हवामान आंदोलकांच्या काही खटल्यांत न्यायाधीशांनी आरोपींना हवामान बदल हा शब्दच ज्युरीसमोर काढायला बंदी केली होती. तरीही ज्यांनी काढला, त्यांतल्या काहींना न्यायालयाच्या अवमानासाठी काही आठवडे तुरुंगात काढावे लागले. त्याचा निषेध म्हणून मार्च २०२३ मध्ये एक निवृत्त समाजसेविका लंडनच्या न्यायालयाबाहेर फलक घेऊन एकटी उभी राहिली. आपल्या विवेकाप्रमाणे आरोपीला निर्दोष सोडण्याचा ज्युरीला पूर्ण हक्क आहे, असं त्यावर लिहिलेलं. हे तत्त्व १६७० च्या एका खटल्यातलं आहे, आणि ओल्ड बेली न्यायालयात त्या खटल्याची संगमरवरी पाटीही आहे. तरी तिच्यावर अवमानाची कारवाई करायला सरकारने परवानगी मागितली. एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने ती नाकारली.

तुम्ही इथे शिकायला किंवा नोकरीला येणार असाल, तर काही गोष्टी थेट तुमच्या कामाच्या आहेत. परदेशी नागरिकाला १२ महिने किंवा जास्त कैद झाली की मायदेशी पाठवण्याची कारवाई साधारणपणे आपोआप सुरू होते. त्यामुळे व्हिसावर असलेल्यांनी मोर्चात जरूर जावं, मीही जाते, पण पोलिसांनी घातलेल्या अटी आधी वाचाव्यात आणि वकिलाचा नंबर जवळ ठेवावा. माहितीचा अर्ज मात्र कुणीही करू शकतं. आपल्याकडे त्यासाठी भारतीय नागरिक असावं लागतं, इथे नागरिकत्वाची अट नाही, अगदी पुण्यात बसूनही करता येतो. उत्तर साधारण २० कामकाजाच्या दिवसांत यायला हवं. आणि पुष्कळ मराठी मुलांना माहीत नसतं, पण भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इथे कायदेशीरपणे राहणाऱ्या भारतीयांना पालिकेच्या आणि संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. शेफील्डच्या त्या सार्वमतातही देता येत होतं. मतदार यादीत नाव असलं आणि इथे पाच वर्षं राहिलेलं असलं, तर ज्युरीत बसायचं बोलावणंही भारतीय पासपोर्टवर येऊ शकतं. तेव्हा घर मिळालं की पहिल्याच आठवड्यात यादीत नाव घाला. ऑनलाइन होतं, पैसे पडत नाहीत.