वाचकांचे प्रश्न : २०११ साली गेलेली माणसे

प्रश्न : आमच्या वाचनालयात २०११ साली दिवंगत झालेल्या मान्यवरांवर छोटे प्रदर्शन भरवायचे आहे. यादी करायला बसलो की देव आनंद, शम्मी कपूर, जगजित सिंग ही नावे पटकन येतात आणि पुढे यादी अडते. आणखी कोणाचा समावेश करावा? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : त्या वर्षी ज्यांच्या निधनाच्या बातम्या ठळक छापल्या गेल्या, तीच नावे आपल्या स्मरणात राहिली, म्हणून यादी अडते. ज्यांचे काम आजही आपल्या वापरात आहे, त्यांच्यापासून आरंभ करावा, असे आम्ही सुचवू. तसे केल्यास पहिला फलक ९ नोव्हेंबरला अमेरिकेत निधन पावलेल्या हरगोविंद खोराना यांचा असावा. आज पाकिस्तानात असलेल्या मुलतान भागातील रायपूर या खेड्यात, एका पटवाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. आनुवंशिक संदेश तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचला जातो. त्यांतील कोणत्या गटामुळे प्रथिनात कोणते अमिनो आम्ल येते, हे त्यांनी प्रयोगशाळेत जुळवलेल्या आरएनएच्या साखळ्यांच्या साहाय्याने उलगडले आणि त्यासाठी १९६८ साली मार्शल नीरेनबर्ग व रॉबर्ट हॉली यांच्यासह त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. डीएनएचे छोटे तुकडे रासायनिक पद्धतीने जुळवण्याच्या तंत्राचा पाया घालणाऱ्यांतही ते अग्रणी होते. करोनाच्या साथीत आपण सर्वांनी ज्या आरटीपीसीआर चाचणीचे नाव ऐकले, ती अशा कृत्रिम तुकड्यांवाचून होऊच शकत नाही. फलकावर एवढे जरी लिहिले, तरी शाळेतील मुले त्यापाशी थांबतील.

मराठी मुलखापुरते पाहिले तर ते वर्ष फार जड गेले. १३ जानेवारीला प्रभाकर पणशीकर आणि २४ जानेवारीला पंडित भीमसेन जोशी गेले. पणशीकरांचे ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली रंगभूमीवर आले आणि फिरत्या रंगमंचावर एकाच नटाने पाच वेगवेगळी माणसे उभी करण्याचा तो पराक्रम त्यांनी पुढे दशकानुदशके गावोगावी नेला. मे महिन्यात जगदीश खेबुडकर गेले. व्यवसायाने शिक्षक असलेल्या या कवीने ‘पिंजरा’सारख्या चित्रपटांची गीते लिहिली. २ सप्टेंबर या एकाच दिवशी संगीतकार श्रीनिवास खळे आणि चित्रकार जहांगीर साबावाला यांचे निधन झाले. खळे यांच्यासाठी मोठी जागा राखावी, असा आमचा आग्रह आहे, कारण राजा बढे यांच्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या गीताला चाल त्यांची आहे, आणि २०२३ साली राज्यगीत म्हणून स्वीकारल्या गेलेल्या या गाण्यासाठी उभे राहणाऱ्या अनेकांना संगीतकाराचे नाव सांगता येत नाही. ‘अमर चित्र कथा’ सुरू करणारे अनंत पै (२४ फेब्रुवारी) आणि गोव्यातील लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा (११ डिसेंबर) यांनाही विसरू नये. वाचनालयाच्या कपाटात ‘अमर चित्र कथा’चे जुने अंक असतील, तर तेच मांडावेत.

प्रश्न : ऑक्टोबर २०११ मध्ये गेलेल्या स्टीव्ह जॉब्स यांच्या शेजारी डेनिस रिची यांना जागा देणे योग्य होईल का? आमच्याकडे त्यांचे नाव फार कोणी ऐकलेले नाही. (एक शिक्षिका, नाशिक)

उत्तर : अवश्य द्यावी, आणि ती बरोबरीची असावी. जॉब्स ५ ऑक्टोबरला गेले. न्यू जर्सीत एकटे राहणारे रिची त्यानंतर आठवडाभरात, १२ ऑक्टोबरला, आपल्या घरी मृतावस्थेत आढळले. ‘सी’ ही संगणकभाषा त्यांनी बेल लॅब्जमध्ये घडवली आणि केन टॉम्पसन यांच्या जोडीने ‘युनिक्स’ ही कार्यप्रणाली उभी केली. जॉब्स यांच्या कंपनीच्या संगणकांची आणि फोनची कार्यप्रणाली युनिक्सच्याच वंशातली आहे, तर अँड्रॉइड फोनच्या मुळाशी असलेले लिनक्स प्रामुख्याने ‘सी’मध्ये लिहिलेले आहे. म्हणजे प्रदर्शन पाहायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात रिची यांचे काम असेल.

प्रश्न : ज्यांच्याभोवती वाद झाले, त्यांना अशा यादीतून वगळावे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : वगळू नये. अर्थतज्ज्ञ सुरेश तेंडुलकर यांचे उदाहरण घ्या. २१ जूनला पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा सामान्य वाचकाला ते फारसे माहीत नव्हते. पुढे सप्टेंबरमध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरासाठी माणशी दररोज ३२ रुपये आणि खेड्यासाठी २६ रुपये ही दारिद्र्यरेषा सांगितली. ती तेंडुलकर समितीच्या पद्धतीवर बेतलेली असल्याने देशभर संताप उसळला आणि उत्तर द्यायला ते हयात नव्हते. ती रक्कम अपुरी होती, असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. मात्र २००९ च्या अहवालात केवळ उष्मांकांवरचा भर सोडून शिक्षण आणि आरोग्यावरचा खर्च त्यांनी हिशेबात आणला, आणि २००४-०५ सालच्या गरिबांचे प्रमाण २७.५ टक्क्यांवरून ३७.२ टक्क्यांवर गेले, हेही त्याच फलकावर यायला हवे. जुन्या मोजणीने ज्यांना गरीब मानलेच नव्हते, अशी कोट्यवधी माणसे या पद्धतीने नोंदीत आली.

आपल्या जिल्ह्याशी थेट नाते असलेले दुसरे नाव मकबूल फिदा हुसेन यांचे आहे. पंढरपुरात जन्मलेल्या, मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवून पोट भरलेल्या या चित्रकाराचे ९ जूनला लंडनमध्ये निधन झाले, तेव्हा ते कतारचे नागरिक होते. त्यांच्या चित्रांवरील आक्षेप, २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केलेले खटले आणि त्यांचे देशाबाहेरचे वास्तव्य हे सारे तारखांसह द्यावे. परंतु मजकुराचा मोठा भाग त्यांच्या चित्रांसाठी असावा, आणि जन्मगाव म्हणून पंढरपूर पहिल्याच ओळीत यावे.