वाचकांचे प्रश्न : कोकणातल्या बेने इस्रायलींचे सण, जमात आणि कीर्तन

रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या यहुदी (ज्यू) समाजाविषयी या महिन्यात बरीच पत्रे आली. प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत.

प्रश्न : अलिबाग, पेण, रोहा या भागांत बेने इस्रायल समाजाची घरे गावोगाव विखुरलेली होती. एकेका गावात दोन-चारच कुटुंबे, जवळपास धर्मगुरू नाही, मंदिर नाही, अशा स्थितीत हे लोक एकत्र तरी कसे येत असत? (एक निवृत्त शिक्षक, चिपळूण)

या समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी जहाज फुटून कोकणात आले. त्या अपघातातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि बुडालेल्यांना नवगावलाच मूठमाती देण्यात आली, असे सांगितले जाते. पुढे ही वस्ती खेड्यांतून पसरली. पेणकर, रोहेकर, किहीमकर, झिराडकर, दिवेकर, अष्टमकर ही आडनावे पाहिली तरी ती किती गावांत विभागली गेली होती याची कल्पना येते. तेलाचा घाणा हा त्यांचा मुख्य व्यवसाय होता. शनिवारी घाणा बंद ठेवत असल्यामुळे गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

आपल्या प्रश्नातली अडचण खरी आहे, आणि तिचे उत्तर काळाप्रमाणे बदलत गेले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या समाजाला कोठेही प्रार्थनामंदिर नव्हते. हिब्रू प्रार्थना जवळजवळ विस्मृतीत गेल्या होत्या. ‘शेमा’ ही ईश्वराच्या एकत्वाची घोषणा तेवढी टिकली होती आणि जन्म, सुंता, विवाह, व्रत अशा प्रत्येक प्रसंगी तीच म्हटली जाई. अशा परिस्थितीत एकत्र येण्याची जागा म्हणजे कोणाचे तरी घर, ओटी आणि अंगण. दावीद राहाबी नावाच्या परदेशी यहुदी शिक्षकाने ज्या कुटुंबांतल्या पुरुषांना धर्मविधींचे शिक्षण दिले, असे समाजाची स्मृती सांगते, त्या कुटुंबांतले ‘काजी’ गावोगाव फिरून लग्ने लावत आणि तंटे सोडवत. गावाच्या किंवा गावांच्या समूहाच्या सभेला ‘जमात’ म्हणत. तिचा प्रमुख मुकादम असे आणि त्याच्या मदतीला चौगुला असे. समाजाचे नियम मोडणाऱ्याला जमात दंड करी, आणि तो दंड समाजाच्या सामाईक निधीत जमा होई. मुकादम, चौगुला, काजी, जमात हे सारे शब्द कोकणच्या गावगाड्यातले आणि शेजारच्या मुसलमान वस्तीतले आहेत. धर्म वेगळा असला तरी सभा भरवण्याची रीत त्यांनी गावाकडूनच घेतली होती.

प्रार्थनामंदिरांचा काळ त्यानंतरचा आहे. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत १७९६ मध्ये या समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. कोकणात मात्र त्यासाठी आणखी जवळजवळ अर्धे शतक जावे लागले. रेवदंडा १८४२, अलिबाग १८४८, पनवेल १८४९ आणि पेण १८६३ असा हा क्रम आहे. ही सारी बंदराची किंवा बाजाराची गावे आहेत, आणि आमच्या मते हा योगायोग नव्हे. सामुदायिक प्रार्थनेसाठी वयात आलेले किमान दहा पुरुष हजर असावे लागतात. या गणसंख्येला ‘मिन्यान’ म्हणतात. ‘तोरा’ या धर्मग्रंथाच्या गुंडाळीचे जाहीर वाचन आणि मृतांसाठी म्हणायची ‘कद्दिश’ ही प्रार्थना मिन्यानशिवाय होत नाही. ज्या गावात यहुद्यांची तीनच घरे होती तेथे दहा पुरुष कोठून यायचे? सहाजिकच आसपासच्या खेड्यांतल्या माणसांना जेथे जाणे सोयीचे होते तेथेच मंदिर उभे राहिले. सणाच्या आदल्या दिवशी माणसे अशा गावी येऊन नातलगांकडे उतरत, कारण सणाच्या आणि शनिवारच्या दिवशी प्रवास वर्ज्य असे. प्रार्थनेच्या निमित्ताने सोयरिकी जुळत, उधार-उसनवारीचे व्यवहार बोलले जात आणि आजारी माणसांची विचारपूस होई.

प्रश्न : लोणावळ्याजवळच्या खंडाळ्याला ज्यू लोकांचा ‘उरूस’ भरतो असे वाचनात आले. यहुदी धर्मात उरूस कसा? आणि मलिदा म्हणजे नेमके काय? (एक वाचक, नाशिक)

आधी खंडाळ्याचा घोळ मिटवू. हे खंडाळे घाटातले नव्हे. अलिबाग तालुक्यात याच नावाचे एक लहान गाव आहे. तेथील एका खडकावर घोड्याच्या टापांसारख्या आणि रथाच्या चाकासारख्या खुणा आहेत. प्रेषित एलियाहू हन्नाबी यांनी येथे दर्शन दिले आणि येथूनच ते रथासह स्वर्गाकडे गेले, अशी बेने इस्रायलींची श्रद्धा आहे. हिब्रू पंचांगातल्या शेवाट महिन्याच्या १५ तारखेला, म्हणजे बहुधा पौष किंवा माघ पौर्णिमेच्या सुमारास, येथे कुटुंबे जमतात. जगभरातले यहुदी हा दिवस झाडांचे नववर्ष म्हणून फळे खाऊन साजरा करतात. कोकणात मात्र त्याला एलियाहू हन्नाबींचा उरूस असे नाव पडले आणि नवस बोलण्याचे व फेडण्याचे महत्त्व आले. हे नाव मुसलमान शेजाऱ्यांच्या उरसावरून आले हे उघड आहे, आणि नवसाची रीत तर कोकणातल्या सगळ्याच जातीधर्मांची आहे. येथे कोणाची कबर नाही आणि मूर्तीही नाही. प्रार्थना एकाच ईश्वराची होते. प्रेषिताचे स्मरण केले जाते ते मध्यस्थीसाठी.

मलिदा हा या समाजाचा सर्वांत आपला म्हणावा असा विधी होय. भिजवलेल्या पोह्यांत खवलेला नारळ, साखर किंवा गूळ, वेलची आणि सुका मेवा मिसळतात. एका मोठ्या ताटात त्याची रास करून भोवती केळी, खजूर आणि इतर फळे मिळून पाच प्रकार मांडतात, आणि सुगंधासाठी गुलाब किंवा सब्जाची डहाळी ठेवतात. ताटाभोवती बसून एलियाहू हन्नाबींचे हिब्रू गीत म्हटले जाते. मग झाडाच्या फळांसाठी, जमिनीतून उगवणाऱ्या अन्नासाठी आणि सुवासासाठी वेगवेगळे आशीर्वाद उच्चारून प्रसाद वाटतात. लग्नाआधी, सुंतेनंतर, नव्या घरात प्रवेश करताना, परीक्षेत यश मिळाल्यावर, लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी किंवा संकट टळल्यावर मलिदा करतात. बाहेरच्या देशांतल्या यहुद्यांमध्ये हा विधी आढळत नाही, म्हणून काही कर्मठ मंडळींनी त्याकडे संशयाने पाहिले. आम्हाला हा संशय अनाठायी वाटतो, कारण आशीर्वादांचे शब्द आणि त्यांचे फळांनुसार होणारे वर्गीकरण पूर्णपणे यहुदी शास्त्रातले आहे. कोकणातले आहे ते ताट आणि त्यातले पोहे.

पहिल्या उत्तरात सांगितलेला मंदिराआधीचा काळ येथे लक्षात घ्यावा. मलिद्याला इमारत लागत नाही, तोराची गुंडाळी लागत नाही. घर, ताट आणि गाणारी माणसे पुरतात. म्हणूनच जेथे सिनेगॉगचे दार मिन्यानअभावी महिनोन्महिने बंद राहते तेथेही मलिदा होत राहतो, आणि जे कुटुंब इस्रायलला जाऊन स्थायिक झाले तेही तेथे तो करते.

प्रश्न : माझ्या आजीचे माहेर पेणचे. शेजारच्या ज्यू बाई श्रावणात केळीच्या पानावर बिरडे वाढत, असे ती सांगे. हा कोणता सण? (एक वाचिका, ठाणे)

आजींची आठवण अचूक आहे. तो ‘बिरड्याचा सण’. आब महिन्याच्या नवव्या दिवशी जेरुसलेमच्या दोन्ही मंदिरांच्या विध्वंसाचा शोक पाळला जातो. त्याआधीचे दिवस मांसाहार वर्ज्य करून नंतर मोड आलेल्या वालांचे बिरडे केळीच्या पानावर वाढण्याची पद्धत कोकणातच रूढ झाली. या समाजाने आपल्या अनेक सणांना मराठी नावे दिली आहेत. नववर्ष हा ‘नव्याचा सण’, त्याच महिन्यात ‘खिरीचा सण’, प्रायश्चित्ताच्या कडक उपासाचा ‘दारफाळणीचा सण’ आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी गाठीभेटींचा ‘शिळा सण’. दारफाळणीच्या दिवशी शुभ्र वस्त्रे घालून दिवस प्रार्थनेत घालवायचा आणि दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन गोडधोड खायचे, अशी जोडी असे.

स्वयंपाकघराचा एक नियम सामाजिक मेळाव्यांवर फार परिणाम करी. मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही, म्हणून मटणाच्या जेवणानंतरचे गोड पदार्थ नारळाच्या दुधात केले जात. गव्हाच्या चिकाचा हलवाही नारळाच्या दुधातच होतो. कोकणात नारळाला तोटा नसल्यामुळे हा नियम त्यांना कधी जाचक वाटला नसावा. द्राक्षांचा मद्यरस खेड्यात दुर्मीळ होता, तेव्हा काळे मनुके भिजवून, पिळून केलेल्या सरबतावर शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा, आशीर्वाद म्हणण्याची सोय त्यांनी काढली, आणि ती आजही घरोघर चालते.

वल्हांडण, म्हणजे मिसर देशातल्या दास्यातून सुटका झाल्याचा सण, त्याच्या रात्रीचे घरगुती वाचन मराठीतूनही होत असे. त्यासाठीची हगादा ही पोथी मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत छापली गेली. पुण्यात १८७४ साली निघालेल्या आवृत्तीत साड्या नेसलेल्या स्त्रिया जमिनीवर बसून बिनखमिराच्या भाकऱ्या करताना दाखवल्या आहेत. पेणच्या त्या शेजारीणबाईंचे स्वयंपाकघर याहून फार वेगळे नसेल.

प्रश्न : ज्यू लोक कीर्तन करत हे खरे आहे काय? की ही कोणी तरी उठवलेली गोष्ट आहे? (कीर्तनप्रेमी वाचक, मिरज)

खरे आहे, आणि कीर्तन म्हणजे केवळ भजन नव्हे, तर निरूपण, आख्यान, साकी, दिंडी, ओव्या, अभंग यांसह रचलेले पूर्ण कीर्तन. १८८० साली मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या समाजासाठी कीर्तनाची मंडळी उभी केली. अब्राहाम, योसेफ, मोशे, एस्तेर राणी हे आख्यानाचे विषय होते. भावांनी विकलेला योसेफ मिसर देशात मोठा अधिकारी होतो, ही कथा तर कीर्तनाच्या उत्तररंगासाठीच घडवल्यासारखी आहे. ताटातूट, कारावास, स्वप्नांचे अर्थ आणि शेवटी भावांची भेट, यांत हरदासाला रस रंगवायला भरपूर वाव मिळतो.

हे घडू शकले याला दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे मिशनऱ्यांच्या उद्योगामुळे बायबलचा जुना करार मराठीत उपलब्ध झाला होता. जॉन विल्सन यांनी तर १८३२ मध्येच मराठी भाषकांसाठी हिब्रूचे व्याकरण लिहिले होते. धर्मांतराच्या हेतूने केलेल्या या कामाचा उपयोग बेने इस्रायलींनी आपला धर्म अधिक पक्का करण्यासाठी केला, हा इतिहासातला एक गमतीदार भाग आहे. दुसरे कारण श्रोत्यांचे. प्रार्थनेची हिब्रू उच्चारता आली तरी समजणारे थोडे होते, आणि खेड्यातल्या स्त्रियांना तर ती शिकण्याची संधीच नव्हती. कीर्तनाला भाषेची अट नव्हती आणि मिन्यानचीही नव्हती. स्त्रिया, मुले आणि हिंदू शेजारी असे सारे एकाच बैठकीत बसू शकत. पुढे स्त्रियांनी ही गाणी वह्यांत उतरवून ठेवली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या गाण्यांना पुन्हा उजाळा दिला. अशा वह्या कोणा वाचकांच्या परिचयातल्या घरी असतील तर त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत, एवढी विनंती येथे केल्यावाचून राहवत नाही.

प्रश्न : आता गावांत कोणी उरले आहे का? आणि आमच्यासारख्यांना हे सण पाहता येतील का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, पनवेल)

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत भारतात या समाजाची लोकसंख्या साधारण २०,००० होती. इस्रायलच्या स्थापनेनंतर बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. त्याआधीच नोकरीच्या निमित्ताने मुंबई, पुणे, कराचीकडे स्थलांतर सुरू झाले होते, त्यामुळे खेडी दोन वेळा रिकामी झाली असे म्हणता येईल. आज भारतात काही हजार बेने इस्रायल राहतात, आणि त्यांतले बहुतेक मुंबई-ठाण्यात आहेत. इस्रायलमधल्या मंडळींनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवले, यावरून भाषेशी असलेले त्यांचे नाते समजावे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुदी समाजाला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला.

गावांत उरलेली घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. म्हणून तेथल्या मेळाव्यांची दिशा उलटली आहे. पूर्वी खेड्यातली माणसे सणासाठी अलिबाग-पेणला येत. आता मुंबई-ठाण्याहून बस करून माणसे या गावांकडे येतात, सिनेगॉग उघडून प्रार्थना करतात, नवगाव आणि खंडाळ्याला जातात आणि संध्याकाळी परततात. परदेशी स्थायिक झालेली कुटुंबेही मुलांना घेऊन आडनावाचे गाव पाहायला येतात.

आपल्याला जाता येईल, पण आधी विचारून जावे. मुंबईतल्या २००८ च्या हल्ल्यापासून यहुदी प्रार्थनास्थळांवर सुरक्षेची काळजी घेतली जाते. त्यामुळे विश्वस्तांची पूर्वपरवानगी आणि जवळ ओळखपत्र असणे आवश्यक समजावे. पुरुषांनी डोके झाकावे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत छायाचित्रे काढू नयेत आणि मोबाइल बंद ठेवावा. बाहेरचे खाद्यपदार्थ भेट म्हणून नेऊ नयेत. न्यायचेच असेल तर अखंड फळे न्यावीत. हिब्रू तिथी इंग्रजी दिनदर्शिकेत दरवर्षी सरकतात, म्हणून उरसाचा दिवस त्या त्या वर्षी विचारून घ्यावा आणि खंडाळ्याला जाणार असाल तर अलिबागचे खंडाळे, हे एसटीच्या वाहकाला आवर्जून सांगावे.