बाबांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) ठाण्यात नौपाड्याच्या लॅबमध्ये २.४, त्याच दिवशी वाशीत २.८. खरा कोणता?

दोन्ही खरे असू शकतात. हा आकडा ज्यावरून काढतात ते पीटीचे (रक्त गोठण्याच्या चाचणीचे) सेकंद प्रत्येक लॅबच्या रसायनागणिक बदलतात, ते जुळवायला म्हणून तर जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये आयएनआर आणला. तरी थोडा फरक उरतोच.

मी आधी नळी बघेन. निळ्या टोपणाची, आत रक्त गोठू न देणारं सायट्रेट, आणि रक्त अगदी खुणेपर्यंत: रक्ताच्या नऊ भागांना सायट्रेटचा एक. रक्त कमी पडलं की आकडा उगाच चढतो. (रक्त घ्यायला घरी येणारे घाईत पाऊण नळीवरच उठतात, अनुभव आहे!)

रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन किंवा एसिट्रॉम असेल तर एकच लॅब धरा, मग ठाण्याची असो वा वाशीची. एपिक्साबान, डॅबिगाट्रान ही त्याच कामाची दुसरी औषधं असतील तर त्यांचा परिणाम आयएनआरवरून कळतच नाही. डोस मात्र डॉक्टरांना विचारूनच.