पाठ फाटलेली तलंग

प्रश्न : आम्ही कसबा बावड्यात राहतो. परड्यात चार-पाच गावठी कोंबड्या आहेत. काल भरदुपारी उसाच्या बाजूनं काहीतरी आलं आणि एका तलंगीच्या, म्हणजे तरण्या कोंबडीच्या, पाठीवरची कातडी तीन बोटं रुंद सोलून गेलं. सासूबाईंनी लगेच हळद दाबून भरली. तेव्हापासून ती मान आखडून कोपऱ्यात बसलीय, दाण्याला तोंड लावत नाही. दीर म्हणतात, श्रावण संपला की बघू. ती जगेल का?

उत्तर : ताई, श्रावण तिच्या पथ्यावर पडला म्हणायचा. कोंबडीची कातडी फार लवकर भरून येते. एवढी मोठी जखम टाके न घालताही बुजलेली मी नोकरीत असताना पुष्कळदा पाहिली आहे. पक्षी दगावतो तो बहुतेक वेळा धसक्यानं, गारठ्यानं आणि माश्यांनी. म्हणून आधी ऊब, मग जखम.

खोक्यात जुनं सुती कापड अंथरून तिला घरात, अंधाऱ्या शांत जागी ठेवा. कोंबडीचं अंग मुळात ४१-४२ अंश सेल्सिअस तापमानाचं असतं, त्यामुळे आपल्याला बरी वाटणारी पावसाळी हवा तिला गार पडते. खोक्याच्या एकाच बाजूला जुना पिवळा बल्ब लावा, म्हणजे नको वाटलं तर तिला सरकता येईल. एलईडी लावू नका, त्याची ऊब लागत नाही.

आता हळद. सासूबाईंचा हेतू चांगला, पण कोरडी हळद रक्तात घट्ट बसते आणि खाली घाण राहिलीय की नाही ते दिसत नाही. लिटरभर पाणी उकळून कोमट करा, त्यात दीड लहान चमचा मीठ घाला आणि बिनसुईच्या सिरिंजनं जखमेवर धार सोडत राहा. हळद सुटून येईल, खरवडू नका. कडेची पिसं कात्रीनं कापा. मग बीटाडीनचं द्रावण पाण्यात फिकट चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. चुना, फिनेल, रॉकेल यातलं काहीही नको. तिला धरताना छाती आवळू नका. कोंबडीला आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा (श्वासपटल) नसतो, छाती हलली तरच तिला श्वास घेता येतो.

दिवसातून दोनदा जखम उजेडात बघा. या दिवसांत माशीनं घातलेल्या अंड्यांतून दिवसभरात अळ्या निघतात. दिसल्या तर चिमट्यानं एकेक काढून पुन्हा धुवा.

पाण्यात गुळाचा बारका खडा विरघळवा आणि चोचीचं टोक त्यात बुडवा, ती आपण पिईल. चोच उघडून पाणी ओतू नका. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच असतं, पाणी थेट फुफ्फुसात जातं. प्यायला लागली की मऊ भात, भिजवलेली कणी, उकडलेलं अंडं कुस्करून द्या. हिरवी, पातळ शीट म्हणजे पोटात काही नाही, असं समजा.

एक गोष्ट मात्र घरी भागणार नाही. सोललेल्या कातडीपेक्षा दातांची बारीक भोकं वाईट, विशेषतः बोक्याच्या दातांची. ती वरून मिटतात आणि आत पू धरतो. पंखाखाली, मांडीला पिसं फुंकून बघा. भोक सापडलं, किंवा कातडीखाली हवा भरून बोटाला कुरकुर लागली, तर आजच सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. घरातली अंगदुखीची गोळी कुटून देऊ नका. अशा गोळ्यांत असणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधानं गिधाडं मेली म्हणून २००६ मध्ये ते जनावरांसाठी बंद झालं, आणि कोंबडीच्या मूत्रपिंडालाही ते सोसत नाही. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत ते विचारून घ्या. दिरांनाही सांगा, श्रावण संपला तरी ती मुदत संपल्याशिवाय रश्श्याचा विषय नको.

लाल दिसेनासं होईपर्यंत तिला बाकीच्यांत सोडू नका, टोचून मारतील. मग दोन-तीन दिवस त्यांच्या शेजारी डालग्याखाली ठेवा आणि रात्री अंधारात खुराड्यात बसवा. काही आठवडे अंडं दिलं नाही तरी चालेल, नवी पिसं येताना ताकद तिकडे जाते.

दुपारी उसातून आलं म्हणजे बहुधा मुंगूस. ते पुन्हा येणार. खुराड्याला कोंबडीची षटकोनी जाळी असेल तर ती बदलून अर्ध्या इंची वेल्डमेश (जोडलेल्या ताठ तारांची जाळी) लावा, आणि तळाशी वीतभर मातीत गाडा.