स्क्रूला हात लावण्याआधी वही काढा

या वेळच्या पत्रांत एकच दुखणं पुन्हा पुन्हा आलंय. ऍक्सिलेटरवर पाय नसताना गाडी रेस धरून राहते, आणि तेही कधी कधीच.

प्रश्न (खानापूर): २००४ ची पेट्रोल एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हुकमाने इंजेक्टरमधून पेट्रोल सोडणारी) गाडी आहे. बेळगावात चन्नम्मा सर्कलला सिग्नलवर थांबलो की मधूनच रेस वाढते. गॅरेजला नेली की शहाण्यासारखी चालते. आयडल (पाय नसतानाची रेस) सांभाळणारा व्हॉल्व्ह बदलला, फरक नाही.

उत्तर: व्हॉल्व्हचे पैसे गेले ते गेले. आता आठ दिवस गाडीत वही ठेवा. रेस वाढली की लिहा: इंजिन गार की गरम, एसी चालू की बंद, किती किलोमीटर चालून आली. खानापूरहून पंचवीस-एक किलोमीटर आल्यावर इंजिन तापलेलं असतं. गॅरेजच्या रांगेत ते निवतं आणि दुखणं लपतं. म्हणून मिस्त्रीकडे तापलेलीच गाडी न्या, बंद करू नका.

रेस वाढलेली असतानाच, गाडी उभी करून, बुटाचं टोक ऍक्सिलेटरखाली घालून वर उचला. आवाज उतरला तर केबल कोरडी पडलीय किंवा थ्रॉटलची (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी) चकती काजळीने अडकतेय. नाही उतरला, तर हवा दुसऱ्या वाटेने आत जातेय. अशा बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटर मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचा) दाब मोजून पेट्रोल सोडतो. चोरवाटेने हवा आली की तो तिच्यापुरतं पेट्रोलही देतो, आणि रेस चढते.

मग पक्कडीला फडकं गुंडाळून व्हॅक्यूमचे (मॅनिफोल्डला जोडलेले) रबरी पाईप एकेक करून दाबा. फॅन आणि बेल्टपासून हात लांब. किंचित फरक चालेल. आवाज एकदम खाली बसला तर चोर तिकडेच. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ पुन्हा आत ओढून घेणारा) पाईप वरून नवाकोरा दिसत होता. वाकणाच्या खालच्या बाजूला बोट फिरवलं तेव्हा नखाएवढी चीर लागली. इंजिन तापून रबर मऊ झालं की ती उघडायची. ब्रेक दाबल्यावर रेस बदलत असेल तर ब्रेक बूस्टर (ब्रेक हलका करणारा डबा) आणि त्याचा पाईप आधी तपासा. तिथे रेसपेक्षा ब्रेकचा प्रश्न मोठा. आणि गळती शोधायला तापलेल्या इंजिनवर पेट्रोल शिंपडणाऱ्या शहाण्यांपासून चार हात दूर राहा.

प्रश्न (निपाणी): सकाळी रेसचा काटा (इंजिनचे मिनिटाला फेरे) १५०० वर असतो, मग उतरतो. पण तवंदी घाट चढून आलं की पुन्हा वर-खाली नाचतो.

उत्तर: सकाळचं सोडा, गार इंजिन १२०० ते १५०० वर चालणारच. तापल्यावर ७५० ते ९०० च्या आसपास बसलं पाहिजे. घाटानंतर नाचतो म्हणजे आधी कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) बघा. पातळी उतरली की तापमानाच्या सेन्सरभोवती हवेचा फुगा अडकतो, आणि कॉम्प्युटरला तापलेलं इंजिन गार वाटतं. हीटर मध्येच गार हवा सोडत असेल तर हा संशय पक्का धरा. रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडा. कूलंट भरून हवा काढा, पण ते गेलं कुठे हेही शोधा की.

प्रश्न (येळ्ळूर): मिस्त्रीने थ्रॉटलचा स्क्रू पिळून रेस उतरवली. आता एसी लावला की गाडी बंद पडते.

उत्तर: कार्बोरेटरच्या (कॉम्प्युटरविना हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या भागाच्या) काळातली खोड! एमपीएफआयमध्ये तो स्क्रू चकतीला टेकू द्यायला असतो, कारखान्यातच बसवलेला. तो हलला की थ्रॉटल सेन्सरचा हिशेबही बिघडतो. थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या, स्क्रू मूळ जागी आणा, सेन्सरचं माप स्कॅनरवर बघा. नंतर आयडल नव्याने शिकवावं लागतं. त्याची रीत प्रत्येक मॉडेलची वेगळी.

प्रश्न (संकेश्वर): कार्बोरेटरची जुनी गाडी. आठवड्यातून एकदा तरी रेस अडकते.

उत्तर: चोकची (गार इंजिन चालू करताना हवा कमी करणारी) दांडी पूर्ण आत जाते का? कार्बोरेटरपाशी उभं राहून दुसऱ्याला दांडी ओढून पुन्हा आत ढकलायला लावा. आतली पट्टी परत सरळ उभी राहिली पाहिजे. आणि त्याआधी पायाखालचं मॅट उचला. ऍक्सिलेटरखाली सरकलेलं मॅट मी दोनदा तरी 'दुरुस्त' केलंय, फुकटात.