आमवात आणि पालेभाज्या

प्रश्न : माझ्या सासूबाई 61 वर्षांच्या आहेत. बोटे आणि गुडघे सुजतात, सकाळी तासभर आखडलेले असतात. डॉक्टरांनी आमवाताचे निदान करून मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदा घ्यायला सांगितली आहे. गावातल्या बायका मात्र गोळी सोडून तरोटा, करडई आणि शेवग्याचा पाला खायला आणि एरंडाचे पान बांधायला सांगतात. काय करावे?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : भाज्या अवश्य खाव्यात, परंतु गोळी बंद करू नये. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते आणि उपचाराला उशीर झाला, तर हाडांची झीज कायमची होते. ती कोणत्याही पाल्याने भरून येत नाही.

शेवग्याच्या 100 ग्रॅम ताज्या पाल्यात सुमारे 300 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, त्यामुळे उतारवयातील हाडांसाठी ही भाजी उपयुक्त आहे. मराठवाड्यात हिवाळ्यात ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ली जाणारी करडईची कोवळी भाजी उष्ण व वातहारक मानली जाते. तरोट्यालाही पहिल्या पावसानंतर तोच मान मिळतो, मात्र तो सौम्य रेचक असल्याने एका वेळी भरपूर खाल्ल्यास पोट बिघडते. पालेभाज्यांतील फोलेट या जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम जाईल, ही भीतीही नको. या गोळीबरोबर डॉक्टर स्वतःच फॉलिक ॲसिड, म्हणजे फोलेटचेच औषधी रूप, देतात. सासूबाईंना मूतखडा झालेला असेल, तर पालक आणि घोळ यांचे प्रमाण कमी ठेवावे आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल, तर पालेभाज्या रोज साधारण सारख्याच प्रमाणात खाव्यात.

एरंडाचे पान तेल लावून, कोमट करून बांधल्याने मिळणारा आराम मुख्यतः उबेचा असतो. आखडलेल्या सांध्यावर ते बांधण्यास हरकत नाही. सांधा लाल, गरम आणि सुजलेला असताना मात्र शेक टाळावा. पानाऐवजी बिब्बा घालण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये, कारण त्याने कातडी भाजते.

गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावी, चुकून रोज घेतल्यास ती घातक ठरते. रक्ताची आणि यकृताची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करावी. आठवडी बाजारात पाल्याची म्हणून विकली जाणारी बिनलेबलाची पूड घेतली असेल, तर ती डॉक्टरांना दाखवावी. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे.