फैसल मशीद सौदीच्या पैशाने बांधली, मग ती अरबी पद्धतीची का वाटत नाही? आणि तिला घुमट का नाही?

मी आर्किटेक्ट आहे आणि इस्लामाबादची ही इमारत कॉलेजपासून माझ्या मनात घर करून आहे. प्रत्यक्ष बघितलेली नाही, पण तिचे सेक्शन (इमारत उभी कापून आतली रचना दाखवणारी चित्रं) इतक्या वेळा काढलेत की विचारू नका.

पैसे सौदीचे हे खरंच आहे. सौदीचे राजे फैसल १९६६ ला पाकिस्तानात आले तेव्हा नव्या राजधानीत राष्ट्रीय मशीद व्हावी ही कल्पना त्यांनी उचलून धरली आणि खर्चही सौदीने केला. पण डिझाइन काही रियाधहून आलं नाही, त्यासाठी १९६९ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेतली, १७ देशांतून ४३ डिझाइन्स आली आणि जिंकले तुर्कीचे वेदात दालोकाय.

आता मला सगळ्यात जास्त भिडतं ते सांगतो. याच माणसाने त्याआधी अंकाराच्या कोजातेपे मशिदीची स्पर्धा जिंकली होती, पायाचं कामही सुरू झालं होतं, पण लोकांना ते फारच मॉडर्न वाटलं, टीका झाली आणि काम सोडून दिलं. तिथे मग जुन्या उस्मानी (ऑटोमन तुर्की) धाटणीची, घुमटवाली मशीद उभी राहिली, १९८७ ला पूर्ण झाली. आणि स्वतःच्याच देशाने नाकारलेल्या माणसाची इस्लामाबादची मशीद त्याच्या एकच वर्ष आधी, १९८६ ला!

घुमट नाही कारण दालोकायनी बेदुइनांचा, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांचा, तंबू डोळ्यासमोर ठेवला. काँक्रीटचं दुमडलेलं छत चारी बाजूंनी खाली उतरत जातं, भार अवाढव्य तुळयांवरून कडेला जातो, त्यामुळे आत हॉलच्या मधोमध खांबच नाही, सुमारे १०,००० माणसं एका छताखाली. मागे मारगल्लाचे डोंगर आहेत आणि छताचे उतार त्या डोंगरांशी असे काही जुळतात की तिथे गोल घुमटाची मला तरी कल्पनाच करवत नाही. चार कोपऱ्यांतले मिनार मात्र पेन्सिलीसारखे बारीक, अगदी तुर्की. ते मिनार मनातल्या मनात जोडले की मक्केच्या काबासारखा घन तयार होतो, असा त्यामागे विचार होता.

म्हणजे तंबू अरबांचा, मिनार तुर्कांचे, आणि आत मिहराब (मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा) पाकिस्तानचे कलाकार गुलजी यांचा, सुलेखन सादेकैनचं. राजे फैसलना मात्र यातलं काहीच बघायला मिळालं नाही, १९७५ ला त्यांची हत्या झाली आणि पायाभरणी १९७६ ला त्यांचे भाऊ राजे खालिद यांनी केली.